साथीचे धडे फोनवर

2020 च्या एप्रिल महिन्यात लोकल बंद होत्या आणि मुंबईला प्रयोगशाळेत जाण्याचा प्रश्नच नव्हता. भिसेगाव हे कर्जत स्थानकाला अगदी लागून. एरवी पहाटेपासून गाड्यांचा आवाज असतो. त्या दिवसांत अधूनमधून एखादी मालगाडी जाई, तेवढीच. आमच्या शेजारी एक आरोग्यसेविका भाड्याने राहत. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांचे उपकेंद्र कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. तिथे फोनला रेंज नाही, म्हणून साथीचे प्रशिक्षण त्यांनी भिसेगावात घरी बसून, ओट्यावर फोन टेकवून पुरे केले. चित्रफिती पाहिल्या, शेवटी प्रश्न सोडवले, प्रमाणपत्र आले. "सर, झाले माझे प्रशिक्षण," असे म्हणत त्यांनी ते मला दाखवले, आणि लगेच विचारले, "आता माझ्या आशाताईंना हे कसे शिकवू? दोघींकडे साधे फोन आहेत."

या प्रश्नात दूरप्रशिक्षणाची बरीचशी टीका आली आहे. पण ती नीट समजून घ्यायला हवी, कारण हा मार्ग टाकून देण्यासारखा नाही. त्या वेळी माणसांना एकत्र बोलावणे हेच धोक्याचे होते. केंद्र सरकारने एप्रिल 2020 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 'आयगॉट' प्रशिक्षण सुरू केले ते 'दीक्षा' या मंचावर. म्हणजे मुळात शिक्षकांसाठी 2017 साली उभारलेल्या आणि आपल्यापैकी अनेकांनी वापरलेल्या मंचावर. जागतिक आरोग्य संघटनेचा 'ओपनडब्ल्यूएचओ' हा मंचही 2017 चाच. इतरही अनेक अभ्यासक्रम निघाले. सिस्टरांनी यांपैकी कोणता केला हे इथे महत्त्वाचे नाही. जे उणे मला दिसले ते एखाद्या संस्थेचे नसून पद्धतीचे आहे.

ती साथ कोरोना विषाणूची होती. पण 1918, 1957, 1968 आणि 2009 या चार वेळा जगभर पसरली ती इन्फ्लुएंझाची साथ, आणि पुढची तयारी आजही प्रामुख्याने त्याच्याच नावाने चालते. श्वासावाटे पसरणाऱ्या दोन्ही रोगांत आरोग्यसेविकेने करायच्या गोष्टी जवळपास सारख्या आहेत.

आता पद्धतीकडे वळू. हातमोजे कसे काढावेत हे चित्रफितीत उत्तम दाखवले होते. शेवटच्या चाचणीत त्यावर प्रश्नही होता: आधी हातमोजे काढायचे की मुखपट्टी? चार पर्याय. सिस्टरांचे उत्तर बरोबर आले. नंतर उपकेंद्राच्या ओट्यावर, अंतर ठेवून बसलेल्या आशाताईंना शिकवताना त्यांनी हळद पाण्यात कालवली, प्रत्येकीच्या हातमोज्यांना ती चोपडली आणि म्हणाल्या, "ही हळद म्हणजे विषाणू. आता काढा." बहुतेकींच्या मनगटावर पिवळा डाग उमटला. खुद्द सिस्टरांच्याही! बरोबर उत्तर देणारा मेंदू आणि मोजा काढणारा हात यांची ओळख झालेली नव्हती. तिसऱ्या-चौथ्या खेपेला हात स्वच्छ निघू लागले.

हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. हळदीतले कर्क्युमिन आम्लारी द्रावणात लालसर होते. त्यामुळे डागावर कपड्याचा साबण लावला की तो पिवळ्याचा तांबूस होतो, आणि धुताना नखांच्या कडा व अंगठ्याचे मूळ कसे सुटते हे मुलांना न सांगता कळते. साबणाचे महत्त्व सांगणारी चित्रफीत पाहून एवढे कळेल असे मला वाटत नाही. (हातांवर आधी साबण, मग हळद असे करू नये, सगळेच लाल होते. आमच्याकडे झाले.)

कौशल्य हातात उतरवायचे तर समोर कोणीतरी चूक दाखवणारे हवे, किंवा निदान चूक दाखवणारी वस्तू हवी. याचे महाराष्ट्रातले उत्तम उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्या माणसांना बालकांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. त्याची कसोटी म्हणजे श्वासाचा वेग: दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या मुलाचे मिनिटाला 50 किंवा जास्त श्वास, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त. पण अनेक सुईणींना इतके अंक मोजता येत नव्हते. तेव्हा मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो तर न्यूमोनिया. या प्रयोगातून बालमृत्यू घटल्याचा अहवाल 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. इन्फ्लुएंझातही मृत्यू बहुधा न्यूमोनियानेच होतात, म्हणून जलद श्वास ओळखणे हे साथीच्या तयारीतले फार मोठे काम आहे. सिस्टरांच्या अभ्यासक्रमात त्याला एक वाक्य होते.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. दूरचा अभ्यासक्रम दूरच्या हवामानात तयार होतो. इन्फ्लुएंझा हा हिवाळ्याचा आजार, असे त्यात सहज येऊन जाते. युरोप-अमेरिकेत ते खरे आहे. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसह अनेक प्रयोगशाळांनी केलेल्या पाहणीत श्रीनगरसारखा अपवाद वगळता देशाच्या बहुतेक भागात इन्फ्लुएंझाचा जोर पावसाळ्याच्या आसपास दिसला. कर्जतच्या बाजूला तो काळ भातलावणीचा. लेप्टोस्पायरोसिस, हिवताप, डेंग्यू सगळे त्याच दिवसांत. गेल्या दहा दिवसांत सुरू झालेला 38 अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप आणि खोकला, ही इन्फ्लुएंझासदृश आजाराची व्याख्या पाठ असणे वेगळे आणि ऐन जुलैत चिखलातून आलेल्या, अंग दुखणाऱ्या माणसाबाबत निर्णय घेणे वेगळे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तेव्हा वाडीत तापाचे रुग्ण नाहीत याचा अर्थ ताप नाही असा, की माणसेच नाहीत असा? हे प्रश्न दिल्लीत किंवा जिनिव्हात कोणाला सुचावेत अशी अपेक्षा नाही. पण ते खालून वर पोचतील अशी सोय अभ्यासक्रमात असायला काय हरकत होती?

ही सोय अंतरामुळे अशक्य होते, असे मुळीच नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 साली 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. दूरवरच्या दवाखान्यांतले डॉक्टर ठरलेल्या दिवशी दूरदृश्य संपर्कावर यायचे आणि प्रत्येकाने आपल्याकडचा खरा रुग्ण मांडायचा. तज्ज्ञ आणि बाकीचे मिळून चर्चा करायची. 2011 साली हेपॅटायटिस सी च्या 407 रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. विद्यापीठाच्या रुग्णालयात 57.5 टक्के, तर या दूरच्या केंद्रांत 58.2 टक्के रुग्णांत उपचार यशस्वी झाले. रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती आणि हा रोग साथीच्या वेगाने धावणाराही नाही, तेव्हा हा आकडा जपूनच वापरावा. तरीही अंतर तेवढेच ठेवून संवाद दुतर्फा केला तर काय होते, ते इथे दिसते.

साथीत या उलट दिशेच्या संवादाची किंमत किती असते? 10 जून 1918 रोजी मुंबईच्या पोलीस रुग्णालयात सात शिपाई तापाने दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. हा ताप हिवतापाचा नाही, अशी नोंद झाली. मुंबईतल्या त्या साथीची ही सुरुवातीची खूण. पुढे ती रेल्वेच्या वाटेने देशभर गेली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली. त्या नोंदीने साथ थांबली नाही, थांबवण्याचे साधनही नव्हते. आज चाचणी आहे, औषध आहे, लस तयार करण्याची रीत ठाऊक आहे. पण हे सारे कोणीतरी 'हे नेहमीचे नाही' असे म्हटल्यानंतर सुरू होते.

फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत देशात प्रथम बर्ड फ्लू आढळला. जानेवारी 2025 मध्ये तो आमच्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला निघाला. त्यानंतर सिस्टर भेटल्या तेव्हा त्यांनी विचारले, "सर, वाडीत कोंबड्या मेल्या तर ते पशुवैद्यकीय दवाखान्याचे काम. त्याच घरात दोघांना ताप आला तर ते माझे. दोन्ही एकत्र कोणाला सांगायचे?" त्यांच्याजवळ आता अशी चार प्रमाणपत्रे आहेत. एकाही अभ्यासक्रमात त्यांना प्रश्न विचारायला जागा नव्हती. तालुक्याच्या मासिक सभेत त्यांनी तो विचारला, तेव्हा पशुधन अधिकाऱ्यांचा फोन नंबर मिळाला आणि तो आता उपकेंद्राच्या भिंतीवर आहे. प्रशिक्षणाचे मोजमाप करायचे तर किती जणांनी ते पुरे केले यापेक्षा असे किती प्रश्न वर आले आणि किती दिवसांत त्यांना उत्तर मिळाले, हे मोजावे असे मला वाटते.

शिक्षकांकडेही अशी एक नोंद रोज असते. निवासी आश्रमशाळेत एका खोलीत अनेक मुले झोपतात आणि तिथे ताप दोन-तीन दिवसांत पसरतो. एका वर्गात एकाच आठवड्यात नेहमीपेक्षा जास्त मुले ताप-खोकल्याने गैरहजर असली, तर हजेरीपटावर ते उपकेंद्राच्या कितीतरी आधी दिसेल. आपल्या गावच्या सिस्टरांचा नंबर शाळेत कोणाकडे आहे, एवढे या आठवड्यात पाहून ठेवता येईल.