कावेरीच्या नावावर काय होते?

ग्वाल्हेरला, लष्करातील टोपी बाजारात, माझी मावशी राहते. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० मध्ये तिथे पडला आणि त्याचेच पुढे लष्कर झाले. तिथली मराठी घरे आपल्या सीमाभागातल्या घरांसारखीच आहेत, घरात एक भाषा आणि दारात दुसरी. मागे तिच्याकडे गेलो असता ‘नटसम्राट’वरचा २०१६ मधला चित्रपट टीव्हीवर लागला होता. आप्पा बेलवलकरांनी सारे मुलांना वाटून टाकले, तेव्हा मावशी एवढेच म्हणाली, “अरे, त्या कावेरीच्या नावावर काय होते?”

आपल्या समीक्षेला हा प्रश्न सहसा सुचत नाही. शेक्सपिअरच्या लिअर राजाला रंगमंचावर राणी नाही. शिरवाडकरांनी १९७० च्या आपल्या नाटकात आप्पांना कावेरी दिली, ही त्यांची मोठी जाण. सारे देऊन टाकू नका, हे शहाणपण तिलाच सुचते. परंतु निर्णय आप्पांचा, आणि बेघर मात्र दोघेही. पुढे तिचे मरणसुद्धा आप्पांच्या दुःखावरचा आणखी एक घाव ठरते. पुरुषाचे म्हातारपण हे सिंहासनावरून कोसळणे असते. जिला सिंहासनच नव्हते, तिच्या म्हातारपणाची शोकांतिका कशी लिहायची?

एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) याचे उत्तर काहीसे सापडते. तिथली दादी कोसळत नाही. अंधुक डोळ्यांनी एका जागी पडून ती घरच्यांना वेळ विचारत राहते. आई वैधव्यात मूक होत जाते. शिक्षणाची इच्छा मारली गेलेली प्रभा तर वयाआधीच म्हातारी झाली आहे. एका वाड्यातल्या या तीन पिढ्या एकत्र पाहिल्या, की बाईचे म्हातारपण साठीला सुरू होत नाही, हे लक्षात येते.

२०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्या स्त्रिया सुमारे ५.३ कोटी होत्या, पुरुष ५.१ कोटी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र नसेल तर विधवेला मुलांच्या बरोबरीने वाटा दिला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मागता येते. पण ती ज्याने दिली त्याला. कावेरीला निर्वाह मागता येईल, आप्पांचे घर नव्हे.

मावशीलाही काकांच्या मागे वाटा होता. तेराव्यानंतर मुलांनी कागद पुढे केला. तिकडे त्याला ‘हकत्याग’ म्हणतात, आपल्याकडे हक्कसोडपत्र. तिने सही केली. मुले वाईट नाहीत, औषधपाणी वेळेवर होते. फक्त बाहेरची खोली आता दुकानाच्या मालाला लागते, म्हणून तिची खाट मागे गेली. हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही.

‘नटसम्राट’चे मोठेपण याने उणावत नाही. पण आप्पांसाठी रडताना कावेरीचा कागदही पाहायला हवा, हे मला एका प्रेक्षक बाईने शिकवले, टीकाकाराने नव्हे.