‘ताकद’ आणि ‘दम’ : मूत्रपिंडविकारातील आहारविचाराची चिकित्सा

ओझे एकदा उचलण्यास ताकद लागते. तेच ओझे घेऊन चढण चढण्यास दम लागतो. बोलभाषा हा भेद कटाक्षाने पाळते. आरोग्यविषयक लेखन मात्र या दोहोंच्या अभावास ‘अशक्तपणा’ हे एकच नाव देते. जीर्ण मूत्रपिंडविकाराच्या चर्चेत हा संकर केवळ शब्दापुरता राहत नाही. तो रुग्णाच्या ताटापर्यंत जाऊन पोहोचतो.

‘प्रथिन’ या संज्ञेचीही येथे दखल घेणे अवश्य आहे. मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये प्रचारात आणलेल्या मूळ शब्दाच्या मुळाशी ‘अग्रस्थानी असलेले’ हा ग्रीक अर्थ आहे. मराठी संज्ञाही ‘प्रथम’ची आठवण करून देते. नावातच अग्रमान असल्याने ‘प्रथिन म्हणजे शक्ती’ हे समीकरण सहज रूढ होते. याउलट ‘पथ्य’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘हितकर’ असला, तरी व्यवहारात तो ‘वर्ज्य’ या अर्थाकडे झुकला आहे. परिणामी ‘प्रथिने मोजून घ्यावीत’ या सल्ल्याचे ‘डाळ बंद’ असे रूपांतर होण्यास वेळ लागत नाही.

वस्तुस्थिती या दोन्ही टोकांहून निराळी आहे. अमेरिकेत ८४० रुग्णांवर झालेल्या व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षणात, मध्यम विकार असलेल्या गटात प्रथिने दर किलो वजनास १.३ ग्रॅमवरून ०.५८ ग्रॅमवर आणूनही तीन वर्षांत मूत्रपिंडाच्या ऱ्हासात निर्णायक फरक दिसला नाही. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी मध्यम ते तीव्र विकारात सुमारे ०.८ ग्रॅम हे प्रमाण सुचविले असून, क्षीण व स्नायुऱ्हास झालेल्या वृद्धांसाठी अधिक प्रमाणाचा विचार करावा असे म्हटले आहे. डायलिसिसवरील रुग्णास तर १ ते १.२ ग्रॅमची गरज सांगितली जाते. एकाच रोगनामाखाली पथ्य असे उलटते, हे सामान्य लेखनात क्वचितच स्पष्ट होते.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेले कास्तानेदा व सहकाऱ्यांचे संशोधन या दृष्टीने विचारार्ह आहे. ०.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने घेणाऱ्या २६ रुग्णांपैकी एका गटाने बारा आठवडे भारव्यायाम केला. त्याची स्नायुशक्ती सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली. केवळ आहार पाळणाऱ्या गटाची सुमारे १३ टक्क्यांनी घटली. अल्प प्रथिनांतही स्नायू टिकविता येतो, हे या प्रयोगाचे श्रेय निःसंशय होय. परंतु त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. मुक्त आहार घेणारा तिसरा गट नसल्यामुळे ही घट आहारामुळे किती व रोगामुळे किती, याचा निवाडा होत नाही. शिवाय ताकद वाढली यावरून दम वाढला असे सिद्ध होत नाही.

कारण दमाचा उगम निराळा आहे. रोगी मूत्रपिंडात एरिथ्रोपोएटिन कमी निर्माण होते, रक्तक्षय होतो आणि स्नायूंना प्राणवायू अपुरा पडतो. रक्तक्षय सुधारल्यावर दम वाढतो, परंतु तो निरोगी माणसाइतका होत नाही. म्हणजे स्नायूतही दोष शिल्लक असतो. रक्तातील वाढलेली आम्लता स्नायूतील प्रथिनांचे विघटन वाढविते. हे विघटन केवळ ताटात प्रथिने वाढवून थांबत नाही. उलट मांसाहारादी प्रथिनांनी आम्लभार वाढतोच.

आणखी एक विरोधाभास लक्षणीय आहे. क्रिएटिनिन हे स्नायूंतूनच निर्माण होत असल्याने स्नायू झिजला की रक्तातील त्याचा आकडा उतरतो. कठोर पथ्याने रुग्ण वाळत असता तपासणीत मूत्रपिंड सुधारल्याचा भास होऊ शकतो. आकडा उतरला एवढ्यावरून पथ्य यशस्वी ठरविणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

सारांश, प्रथिनांचे प्रमाण, ताकद आणि दम हे तीन स्वतंत्र प्रश्न होत. ‘थकवा येतो’ असे रुग्ण म्हणतो तेव्हा जिना चढताना दम लागतो की बसलेल्या जागेवरून उठवत नाही, हे विचारले गेले पाहिजे. बोलभाषेने जपलेला हा भेद शास्त्रीय मराठीने गमावणे हे केवळ भाषेचे नुकसान नव्हे.