विमा कंपनीच्या शेअरचे मूल्यमापन आणि किंमत-मिळकत गुणोत्तर : आयुर्विमा महामंडळाच्या उदाहरणावरून एक चिकित्सा

(१)

शेअरच्या बाजारभावास दर शेअरमागील वार्षिक नफ्याने भागिले असता येणारा आकडा म्हणजे किंमत-मिळकत गुणोत्तर. हे माप सोपे आहे, वृत्तपत्रांच्या बाजारपृष्ठावर ते रोज छापले जाते आणि कापडगिरणी, सिमेंट किंवा औषधनिर्मिती अशा धंद्यांच्या तुलनेस ते बऱ्याच अंशी उपयोगीही पडते. त्याच मापाने विमा कंपनीचा शेअर जोखण्याची प्रथा मात्र तपासून पाहणे अवश्य आहे. या प्रथेचा दोष किती खोल जाऊ शकतो, याचे ठळक उदाहरण भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या भागविक्रीने पुरविले आहे.

मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने महामंडळातील आपल्या मालकीपैकी साडेतीन टक्के हिस्सा जनतेस विकला. किंमत दर शेअरास ९४९ रुपये ठरली आणि सरकारच्या तिजोरीत सुमारे २०,५५७ कोटी रुपये जमा झाले. महामंडळाचा २०२०-२१ सालचा नफा सुमारे २,९०० कोटी रुपये होता. शेअरांची संख्या सुमारे ६३२.५ कोटी असल्याने दर शेअरमागे मिळकत ४ रुपये ५९ पैसे पडली आणि गुणोत्तर सुमारे २०७ आले. पुढे मार्च २०२३ च्या अखेरीस शेअरचा भाव सुमारे ५३५ रुपयांवर उतरला. त्याच आर्थिक वर्षाचा नफा ३६,३९७ कोटी रुपये, म्हणजे दर शेअरमागे साडेसत्तावन्न रुपये, जाहीर झाला. गुणोत्तर सव्वानवावर आले.

किंमत चव्वेचाळीस टक्क्यांनी घटली, तर गुणोत्तर पंचाण्णव टक्क्यांहून अधिक घटले. हेच माप प्रमाण मानणाऱ्यास असा निष्कर्ष काढावा लागेल की, बाजारातील अतिशय महाग शेअरांपैकी एक शेअर एका वर्षाच्या आत अतिशय स्वस्तांपैकी एक झाला. वस्तुतः या अवधीत महामंडळाच्या धंद्यात असा कोणताही उत्पात घडला नव्हता. तेच विमा-प्रतिनिधी, त्याच पॉलिसी आणि तेच विमेदार होते. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, या गुणोत्तराने नेमके काय मोजले?

(२)

त्याचे उत्तर देण्यापूर्वी आयुर्विम्याच्या नफ्याचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात कन्हान नदीकाठी वसलेले खापा हे हातमागाच्या कापडाचे जुने गाव आहे. तेथील विणकराचा हिशेब येथे दृष्टान्तादाखल घेता येईल. मागावर नवा ताणा चढविताना सूत, रंग, खळ आणि मजुरी यांचा खर्च आधी होतो, कापड मागाहून उतरते आणि पैसा त्याच्याही मागाहून हाती येतो. ज्या आठवड्यात ताणा चढला त्याच आठवड्याचा जमाखर्च मांडला, तर विणकर तोट्यात दिसेल. ज्याने माग रिकामा ठेवून जुने कापड विकले, तो नफ्यात दिसेल.

आयुर्विम्याचा ताणा वीस-वीस, तीस-तीस वर्षांचा असतो. समजा, एका नव्या पॉलिसीचा वार्षिक हप्ता १०,००० रुपये आहे. पहिल्या वर्षी दलाली, वैद्यकीय तपासणी, कचेरीखर्च आणि कायद्याने बाजूस काढावयाचा राखीव निधी मिळून १२,००० रुपये लागले, तर त्या वर्षी त्या पॉलिसीवर २,००० रुपयांचा तोटा नोंदला जातो. पुढील वर्षांत तीच पॉलिसी क्रमाक्रमाने नफा देते. म्हणून ज्या कंपनीचा नवा धंदा झपाट्याने वाढतो, तिचा चालू नफा त्या वाढीमुळेच आक्रसतो व तिचे गुणोत्तर फुगते. उलट, नवा धंदा थांबविलेली कंपनी जुन्या पॉलिसींचा राखीव निधी मोकळा करीत राहते आणि स्वस्त भासते. ज्या मापाने वाढ हा दोष व क्षय हा गुण ठरतो, त्याच्यावर किती भिस्त ठेवावी, हे वेगळे सांगावयास नको.

या दोषाची जाण गुणोत्तराच्या पुरस्कर्त्यांनाही होती. बेंजामिन ग्रॅहॅम व डेव्हिड डॉड यांनी १९३४ सालच्या आपल्या ग्रंथात एका वर्षाच्या नफ्यावर न विसंबता अनेक वर्षांची सरासरी घेण्याचा आग्रह धरला होता. परंतु सरासरीचा उपाय जेथे नफा चढतो-उतरतो तेथे चालतो. जेथे नफ्याची व्याख्याच मध्ये बदलते, तेथे सरासरी काढणे म्हणजे शेर आणि किलो यांची बेरीज करून दोहोंनी भागणे होय. महामंडळाच्या बाबतीत घडले ते हेच.

(३)

१९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि २४५ विमासंस्थांचा धंदा एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळ अस्तित्वात आले. मूळ कायद्याच्या २८ व्या कलमानुसार वरकडीचा किमान पंचाण्णव टक्के भाग विमेदारांसाठी राखला जाई व उरलेला पाच टक्के भाग सरकारला मिळे. याचा अर्थ असा की, जाहीर होणारा ‘नफा’ हा धंद्याच्या एकूण वरकडीचा जेमतेम विसावा हिस्सा होता. तो लहान होता याचे कारण धंदा दुबळा होता हे नव्हे. कायद्याने मालकाचा वाटाच लहान ठेविला होता.

२०२१ च्या वित्त अधिनियमाने ही मांडणी पालटली. पूर्वी महामंडळाचा आयुर्विमा निधी एकच होता. ३० सप्टेंबर २०२१ पासून त्याचे दोन भाग झाले : नफ्यात सहभागी असलेल्या पॉलिसींचा एक आणि असहभागी पॉलिसींचा दुसरा. असहभागी निधीची सर्व वरकड भागधारकांची ठरली. सहभागी निधीतील भागधारकांचा वाटा टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले.

आता मे २०२२ मधील गुणोत्तराकडे पुन्हा पाहावे. त्यातील अंश, म्हणजे ९४९ रुपयांची किंमत, नव्या कायद्याने भागधारकास मिळणाऱ्या हक्काची होती. छेद, म्हणजे ४ रुपये ५९ पैसे, हा जुन्या कायद्यातील पाच टक्क्यांच्या वाट्याचा होता. दोन वेगळ्या व्यवस्थांतील राशींचा भागाकार करून आलेल्या २०७ या आकड्यास महागाईचे माप म्हणता येत नाही. कायदा कोणत्या तारखेस बदलला आणि हिशेबाचे वर्ष कोणत्या तारखेस संपले, यांतील अंतर तेवढे तो दाखवितो.

मार्च २०२३ चे सव्वानऊ हे गुणोत्तरही तितकेच फसवे होते. त्या वर्षीच्या ३६,३९७ कोटींपैकी २७,२४१ कोटी रुपये असहभागी निधीतून भागधारकांच्या खात्यात वर्ग केलेले होते आणि त्यांपैकी काही रक्कम तर मागील आर्थिक वर्षाच्या अखेरच्या तिमाहीची होती. हे वर्गीकरण वगळल्यास नफा सुमारे ९,१५७ कोटी उरतो व गुणोत्तर सुमारे ३७ येते. सव्वानऊ खरे की सदतीस? वर्गीकृत रक्कम भागधारकांच्या मालकीची असल्याने ती सर्वस्वी गाळणे युक्त नाही. मागील काळाचा अंश तीत असल्याने ती सर्वस्वी धरणेही युक्त नाही. सारांश, एकाच दिवशी, एकाच भावाला, एकाच शेअरची दोन गुणोत्तरे निघतात व दोहोंचे समर्थन करता येते.

(४)

या अडचणीवर विमाक्षेत्रातील अभ्यासकांनी सुचविलेला पर्याय म्हणजे अंतर्निहित मूल्य. कंपनीची निव्वळ मालमत्ता अधिक चालू पॉलिसींपासून पुढील वर्षांत भागधारकांस मिळणाऱ्या नफ्याचे आजचे मूल्य, अशी त्याची घडण असते. भविष्यात विकल्या जाणाऱ्या पॉलिसींचा त्यात समावेश नसतो. विणकराच्या भाषेत सांगावयाचे तर मागावर चढलेल्या ताण्याची किंमत येथे हिशेबात धरली जाते. तत्त्वतः हे माप अधिक सयुक्तिक आहे यात शंका नाही.

परंतु एका मापाची भक्ती सोडून दुसऱ्याची धरणे हा चिकित्सेचा शेवट नव्हे. महामंडळाचे अंतर्निहित मूल्य मार्च २०२१ अखेर ९५,६०५ कोटी रुपये होते. तेच सप्टेंबर २०२१ अखेर ५,३९,६८६ कोटी झाले. सहा महिन्यांत साडेपाचपटीहून अधिक झालेली ही वाढ मुख्यतः निधीच्या विभाजनाची होती. भागविक्रीच्या किमतीने महामंडळाचे एकूण मोल सुमारे सहा लाख कोटी होत असल्याने ते अंतर्निहित मूल्याच्या १.११ पट पडले. खाजगी आयुर्विमा कंपन्यांचे शेअर त्या वेळी दुपटीहून अधिक पटीने विकले जात होते. साहजिकच, एका मापाने अत्यंत महाग ठरलेला शेअर दुसऱ्याने स्वस्त ठरला.

बाजाराने या दुसऱ्या मापाचाही मान राखला नाही. १७ मे २०२२ रोजी शेअरचा पहिलाच व्यवहार विक्रीच्या किमतीहून आठ टक्क्यांपेक्षा अधिक खाली झाला. मार्च २०२३ अखेर अंतर्निहित मूल्य वाढून ५,८२,२४३ कोटी झाले असता बाजारभाव त्याच्या ०.५८ पटीवर होता. महामंडळाचे अंतर्निहित मूल्य शेअरबाजारातील गुंतवणुकीच्या न वटविलेल्या नफ्यावर बरेच अवलंबून असते, त्यामुळे बाजाराच्या चढउतारासरशी ते हलते. शिवाय विक्रीनंतरही साडेशहाण्णव टक्के मालकी सरकारकडेच राहिल्याने पुढे आणखी शेअर विक्रीस येण्याची टांगती शक्यता होती. या गोष्टी ध्यानी घेता, खाजगी कंपन्यांची पट महामंडळास जशीच्या तशी लावणे हे गुणोत्तराच्या आंधळ्या वापराइतकेच सदोष होते.

(५)

सर्वसाधारण विम्यात पॉलिसी बहुधा वर्षाची असते. तेथे तरी किंमत-मिळकत गुणोत्तर निर्दोष ठरते काय? १९१९ साली मुंबईत स्थापन झालेल्या न्यू इंडिया ॲश्युरन्सचा नफा २०२०-२१ मध्ये १,६०५ कोटी, २०२१-२२ मध्ये १६४ कोटी आणि २०२२-२३ मध्ये १,०५५ कोटी रुपये होता. भाव स्थिर राहिला असे गृहीत धरले, तरी गुणोत्तर एका वर्षी जवळजवळ दसपट होते व पुढील वर्षी पुन्हा झपाट्याने उतरते. येथे नफ्याची व्याख्या बदललेली नाही, दाव्यांचा व खर्चाचा भार बदलला आहे. म्हणून ग्रॅहॅम-प्रणीत सरासरीचा उपाय येथे लागू पडतो. दाव्यांचे व खर्चाचे हप्त्यांशी असलेले प्रमाण आणि पुस्तकी मूल्य यांच्या जोडीने पाहिल्यास गुणोत्तरास काही अर्थ प्राप्त होतो. आयुर्विम्यात मात्र त्याचे स्थान याहूनही गौण मानावे लागते.

(६)

हा वाद केवळ पारिभाषिक नाही. महामंडळाच्या भागविक्रीत विमेदारांसाठी स्वतंत्र हिस्सा राखून ठेविला होता व त्यांना दर शेअरामागे ६० रुपयांची सूट होती. हा हिस्सा सहापटीहून अधिक मागणीने भरला गेला. खाप्यासारख्या गावातील एखाद्या विमेदाराने पॉलिसीवरील विश्वासापोटी ८८९ रुपयांना शेअर घेतला असेल, तर मार्च २०२३ पर्यंत त्याच्या रकमेचा सुमारे चाळीस टक्के भाग कागदावर तरी नाहीसा झाला होता. या विमेदारास विक्रीच्या वेळी एकीकडून ‘२०७ पट, म्हणून महाग’ आणि दुसरीकडून ‘१.११ पट, म्हणून स्वस्त’ असे दोन निर्णय ऐकू आले. पुढे भाव उतरला म्हणून पहिला निर्णय खरा ठरला, असे समजणे चूक आहे. चुकीच्या गणिताचे उत्तर कधी कधी बरोबर येते, त्यामुळे गणित बरोबर होत नाही.

याहून महत्त्वाची एक गोष्ट या दोन्ही आकड्यांत दिसतच नाही. निधीच्या विभाजनाने भागधारकाचा वाटा जितका वाढला, तितका विमेदारांच्या भावी बोनसावरील हक्क आकुंचित झाला. खाप्याचा तो विमेदार एका हाताने भागधारक म्हणून जे मिळवू पाहत होता, त्याचा काही अंश दुसऱ्या हाताने विमेदार म्हणून सोडून देत होता. १९५६ च्या कायद्याने ज्याला वरकडीचा प्रमुख धनी मानले, त्याच्याच खात्यातून नव्या नफ्याचा एक भाग आलेला आहे, ही जाणीव कोणत्याही गुणोत्तराने होत नाही.

तेव्हा आयुर्विमा कंपनीच्या शेअरचा विचार करताना प्रथम हे पाहावे की, नफा कोणत्या कायद्याने वाटला गेला आणि किंमत व नफा एकाच व्यवस्थेतील आहेत की नाहीत. त्यानंतर अंतर्निहित मूल्य, त्याची घडण व नव्या धंद्याचे मूल्य तपासावे. एवढे केल्यावर किंमत-मिळकत गुणोत्तर पाहण्यास प्रत्यवाय नाही. पण ते शेवटी पाहावे, आणि त्यातील छेद कोठून आला याची विचारपूस करूनच पाहावे.