हद्दपारी कोणाची?

१९३९ साली यादवी युद्ध संपून स्पेनवर फ्रँकोची राजवट आली आणि स्पॅनिश साहित्याचा मोठा भाग देशाबाहेर गेला. माचादो त्याच साली फ्रान्सच्या हद्दीत मरण पावला. आल्बेर्ती अर्जेंटिनात राहिला. हिमेनेझला १९५६ चे नोबेल मिळाले तेही परदेशातच. आपली पांढरपेशी समीक्षा या हद्दपारीवर हळहळते. ती हळहळ खोटी नाही. पण अमरावती-अकोल्याच्या दलित वाचकाला निराळाच प्रश्न पडतो : हद्दपार व्हायला आधी देश आपला असावा लागतो, ज्याचे घरच गावकुसाबाहेर, त्याला कोठून घालवणार? अमरावतीच्या अंबादेवीचे दार उघडावे म्हणून १९२७ साली बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरवावी लागली. ज्या गावात जन्मलो, त्याच गावातली ही हद्द!

म्हणून आपण आधी मिगेल हेर्नांदेझ वाचावा. हा शेळ्या राखणारा कवी. पराभवानंतर तो पोर्तुगालात शिरला, तर तिथल्या पोलिसांनी त्याला परत स्पेनच्या हवाली केले. त्याला परदेशही लाभला नाही. बायकोने तुरुंगात पत्र धाडले : घरात खायला भाकरी आणि कांदा, एवढेच. त्यावर त्याने तान्ह्या मुलासाठी कांद्याचे अंगाईगीत रचले. १९४२ साली, एकतिसाव्या वर्षी, तो तुरुंगातच क्षयाने गेला. कांदा-भाकर म्हटले की ज्यांना रानातली रुचकर न्याहारी आठवते, त्यांना ही कविता कळणार नाही. वऱ्हाडातल्या मजुराच्या पोराला ती समजावून सांगावी लागणार नाही.

फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ ला मेला. तेव्हा आपल्याकडे आणीबाणी होती. पुढच्याच महिन्यात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत तिच्याविरुद्ध बोलल्या. पुढे तुरुंगात गेल्या. आणि आमच्या नामदेव ढसाळांनी १९७६ साली इंदिरा गांधींवर ‘प्रियदर्शिनी’ लिहिली. ‘गोलपिठा’चे मोल त्याने उणे होत नाही. परंतु उच्चवर्णीयांचे धैर्य म्हणून कऱ्हाड बाजूला सारायचे आणि आपला म्हणून ‘प्रियदर्शिनी’वर मौन पाळायचे, ही समीक्षा नव्हे.

१९७५ साली ज्यांची लेखणी प्रथमच अडली, त्यांनी गावकुसाबाहेरची पिढ्यान्‌पिढ्यांची मुस्कटदाबी आठवावी. आणि ज्यांनी ती सोसली, त्यांनी हुकूमशाही गरिबांचे नाव घेत आली तरी तिला सर्वांआधी ओळखावे. हद्दीबाहेर राहून जे शिकलो, ते हेच नाही तर दुसरे काय?