आश्रय आणि ग्रंथ : ‘मिमेसिस’च्या निर्मितीविषयी एक पुनर्विचार

एरिख आउअरबाख यांच्या ‘मिमेसिस’ या ग्रंथाभोवती जी आख्यायिका रूढ झाली आहे, तिचे बीज त्या ग्रंथाच्या उपसंहारातच आहे. युद्धकाळातील इस्तंबूलमध्ये यूरोपीय साहित्याच्या अभ्यासास पुरेल असे ग्रंथालय नव्हते. तसे ते असते, तर इतक्या विषयांवरील पूर्वसूरींचे लेखन वाचता वाचता हा ग्रंथ कदाचित लिहूनच झाला नसता, अशा आशयाची कबुली ग्रंथकर्त्याने तेथे दिली आहे. या कबुलीतून पुढील टीकाकारांनी जणू एक सिद्धांतच उभा केला. स्वदेशाचा वियोग, एकाकीपण आणि ग्रंथांचा अभाव हीच या ग्रंथाची जननी होय, असे मानले जाऊ लागले. एडवर्ड सैद यांनी 1983 मध्ये ‘द वर्ल्ड, द टेक्स्ट अँड द क्रिटिक’ या ग्रंथात या निर्वासनाकडे समीक्षकाच्या भूमिकेचा नमुना म्हणूनच पाहिले. सिद्धांत आकर्षक आहे यात शंका नाही; तथापि तो तपासून घेणे अगत्याचे आहे. अभावालाच निर्मितीचे कारण मानले, म्हणजे ज्या विद्यापीठाने विद्वानाला उभे राहण्यास जागा दिली त्याचे कार्य नजरेआड होते. आणि संकटात सापडलेल्या विद्वानाला नेमके काय द्यावे, या प्रश्नाचे उत्तरही चुकते.

प्रथम घटनाक्रम पाहू. 7 एप्रिल 1933 रोजी नाझी राजवटीने केलेल्या कायद्यान्वये ज्यू आणि राजकीय दृष्ट्या नकोसे झालेले अध्यापक जर्मन विद्यापीठांतून काढले जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना प्रारंभी सवलत होती. त्यामुळे मारबुर्ग येथील आउअरबाख यांची प्राध्यापकी 1935 पर्यंत टिकली. याच सुमारास तुर्कस्तानात विद्यापीठीय शिक्षणाची पुनर्रचना चालू होती. 1933 च्या उन्हाळ्यात ‘दारुल्फुनून’ ही जुनी संस्था बंद करून इस्तंबूल विद्यापीठ स्थापण्यात आले, आणि झुरिक येथे निर्वासित जर्मन शास्त्रज्ञांसाठी साहाय्य संस्था उभारणारे विकृतिशास्त्रज्ञ फिलिप श्वार्त्झ यांनी तुर्की शासनाशी वाटाघाटी करून अनेकांच्या नेमणुका घडवून आणल्या. लेओ श्पित्झर 1933 मध्ये तेथे गेले. ते 1936 मध्ये अमेरिकेस गेल्यावर त्यांच्या जागी आउअरबाख आले व 1947 पर्यंत राहिले.

आता ग्रंथाकडे वळू. ‘मिमेसिस’चे लेखन मे 1942 ते एप्रिल 1945 या काळात झाले आणि 1946 मध्ये तो बर्न येथे प्रसिद्ध झाला. म्हणजे लेखनास प्रारंभ झाला तो इस्तंबूलमधील वास्तव्याच्या सहाव्या वर्षी. ज्या कल्पनेवर ग्रंथाचा मोठा भाग उभा आहे ती, म्हणजे एका ऐतिहासिक घटनेत दुसरीची पूर्वसूचना असणे व दुसरीत पहिलीची परिपूर्ती होणे, ‘फिगुरा’ या 1938 च्या निबंधात आधीच मांडली गेली होती. तिच्यासाठी लागणारे चर्चपित्यांचे लॅटिन लेखन त्यांना गलाता भागातील डॉमिनिकन मठाच्या ग्रंथसंग्रहात पाहता आले. इस्तंबूल हे ग्रंथांचे वाळवंट नव्हते, हे कादेर कोनुक यांनी 2010 मधील आपल्या अभ्यासात सविस्तर दाखविले आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अध्यापनाची. निर्वासित प्राध्यापकांनी तुर्की भाषा शिकावी व विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके सिद्ध करावीत, अशी शासनाची अपेक्षा होती. आउअरबाख यांनी तुर्की विद्यार्थ्यांसाठी रोमान्स भाषाभ्यासाची एक प्रवेशिका फ्रेंचमध्ये लिहिली. त्यांच्या विद्यार्थिनी सुहेला बायराव यांनी केलेला तिचा तुर्की अनुवाद 1944 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘मिमेसिस’ची पद्धती लक्षात घेतली, तर हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. प्रत्येक प्रकरणी एक छोटा उतारा घ्यायचा, त्याची वाक्यरचना न्याहाळायची, आणि तेथून एका युगाच्या वास्तवदृष्टीपर्यंत जायचे, ही रीत वर्गात शिकविणाऱ्याची आहे. ओडिसियसच्या पायावरील जुना व्रण ओळखणाऱ्या दाईपासून व्हर्जिनिया वुल्फच्या कादंबरीतील मोजे विणणाऱ्या स्त्रीपर्यंतचा प्रवास एकान्तातील ध्यानाचा नव्हे, तर नियमित अध्यापनाचाही परिपाक आहे.

या आश्रयाची दुसरी बाजूही लपविता कामा नये. ‘दारुल्फुनून’ बंद झाली तेव्हा तेथील बहुसंख्य तुर्की अध्यापकांना नव्या विद्यापीठात स्थान मिळाले नाही; एकाचे आसन दुसऱ्याच्या विस्थापनावर उभे राहिले. त्याच अध्यासनासाठी व्हिक्टर क्लेम्पेरर यांचेही नाव विचारात होते. ते ड्रेस्डेनमध्येच मागे राहिले. शिवाय यजमान शासनाचा हेतू दयेचा नसून राष्ट्राच्या आधुनिकीकरणाचा होता. लिपिबदलानंतर विद्यार्थी आपल्याच जुन्या ग्रंथांना कसे पारखे होत आहेत, याविषयीची अस्वस्थता आउअरबाख यांनी वाल्टर बेन्यामिन यांना 1937 मध्ये लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली आहे. असे असूनही ‘मिमेसिस’मध्ये तुर्की वाङ्मयाला स्थान नाही. ज्या भूमीने थारा दिला तिच्याकडे ग्रंथाने पाठ फिरविली, हे त्याचे मोठेपण मान्य करूनही नोंदविले पाहिजे.

इतिहासाने पुढे हे चक्र उलटे फिरविले. 2015 मध्ये जर्मनीत हुम्बोल्ट प्रतिष्ठानाने संकटग्रस्त संशोधकांसाठी जी योजना सुरू केली, तिला फिलिप श्वार्त्झ यांचेच नाव देण्यात आले. जानेवारी 2016 मध्ये शांततेच्या आवाहनावर स्वाक्षऱ्या केल्याबद्दल व त्यानंतरच्या आणीबाणीत तुर्कस्तानातील अनेक अध्यापक पदच्युत झाले. त्यांपैकी काहींना याच योजनेने जर्मन विद्यापीठांत आसरा दिला. उपकाराची फेड म्हणून हे दृश्य हृद्य आहे. परंतु तिची शिष्यवृत्ती सामान्यतः 24 महिन्यांची असते. हाच हिशेब 1936 साली लागू झाला असता, तर ‘फिगुरा’ कदाचित पूर्ण झाला असता. ‘मिमेसिस’चे पहिले पान मात्र लिहिले जाण्यापूर्वीच आउअरबाख यांना दुसरे दार ठोठवावे लागले असते.

म्हणून अभावाच्या गौरवाला येथे हरकत घ्यावयाची. ग्रंथालयाच्या उणिवेने ‘मिमेसिस’ला त्याचा घाट दिला असेल, पण त्याला काळ दिला तो वेतन, वर्ग आणि अकरा वर्षांचे स्थैर्य देणाऱ्या विद्यापीठाने. आश्रयाचे मोल किती जणांना दार उघडले एवढ्यावरून ठरत नाही; दार उघडल्यावर त्यांना किती काळ आत बसून काम करू दिले, यावरूनही ते ठरते.