सोनोग्राफीचे भाकीत : किती खरे, किती पुरेसे?

मालवण-कसाल रस्त्यावरच्या कट्ट्यात एखादी गरोदर बाई सोनोग्राफी करून परतली, की शेजारीण विचारते, "सगळा बरा आसा मा?" प्रश्न मायेचा आहे. पण तिसऱ्या महिन्यातल्या तपासणीकडून बाळंतपणापर्यंतची हमी मागणे शास्त्राला धरून आहे काय, हे आपण तपासून पाहू.

ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली ध्वनिलहरींनी घेतलेली गर्भाची चित्रे प्रसिद्ध केली. तेव्हापासून हे तंत्र खूप पुढे गेले आहे. गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून त्याचे वय पाच-सात दिवसांच्या फरकाने सांगता येते. जुळे आहे का, गर्भ गर्भाशयातच रुजला आहे का, हेही कळते. हे झाले पाहणे. भाकीत ही निराळी गोष्ट आहे.

गरोदरपणात रक्तदाब वाढवणारा प्रीएक्लाम्प्सिया हा विकार आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेततो. वार रुजताना गर्भाशयातल्या बारीक रोहिण्या रुंद व्हाव्या लागतात. त्या अरुंद राहिल्या तर रक्तप्रवाहाला विरोध होतो आणि तो डॉप्लर तपासणीत मोजता येतो. त्याला आईचा रक्तदाब, पूर्वेतिहास आणि रक्तातील एका प्रथिनाचे प्रमाण यांची जोड दिली, की ३७ आठवड्यांआधी बाळंतपण करावे लागणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ७५ टक्के आधी ओळखता येतात. मात्र त्यासाठी निरोगी बायकांपैकी १० टक्क्यांना उगाच 'धोका' सांगितला जातो.

आता फळ्यावर गणित मांडू. १००० गरोदर स्त्रियांपैकी १० जणींना हा विकार होणार आहे असे धरू. तपासणी त्यांतील सात-आठ जणींना ओळखील. उरलेल्या ९९० पैकी ९९ जणींनाही ती धोका सांगेल. म्हणजे धोका सांगितलेल्या सुमारे १०७ जणींपैकी खरा विकार फक्त सात-आठ जणींना होणार, आणि दोन-तीन जणी 'सर्व ठीक' असा कागद घेऊन घरी जाणार! पंचाहत्तर टक्के हा आकडा ऐकून आपली जी समजूत होते, तिच्याहून हे चित्र किती वेगळे आहे!

मग तपासणी निरुपयोगी का? मुळीच नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्री या चाचणीत धोका जास्त असलेल्या स्त्रियांना रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले गेले. मुदतीआधीच्या प्रीएक्लाम्प्सियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे, हे सांगायला नकोच. भाकिताची किंमत त्यानंतरच्या उपायात आहे, हा याचा अर्थ.

आमचा आक्षेप यंत्रावर नाही, त्याच्यावर सगळी भिस्त ठेवण्यावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये २४ आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी करावी असे सुचवले. ते गर्भाचे वय, व्यंग आणि जुळे ओळखण्यासाठी. रक्तदाबाच्या विकाराचे भाकीत करण्यासाठी नव्हे. शिवाय हेच यंत्र मुलींच्या जिवावर उठले म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. नोंदणीकृत केंद्राबाहेर ते वापरता येत नाही, आणि हे बंधन योग्यच आहे. रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याला आणि लघवीतील प्रथिनाच्या तपासणीला असे बंधन नाही. त्या खेडोपाडी, दर भेटीला करता येतात. उशिरा उद्भवणारा विकार उशिरापर्यंत पाहत राहूनच सापडतो.

कट्ट्याहून मालवण किंवा ओरोस गाठायला वेळ लागतो, आणि प्रकृती फारच बिघडली तर गोव्यात बांबोळीपर्यंत जावे लागते. म्हणून तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, पोटात वरच्या बाजूला दुखणे, चेहऱ्यावर अचानक सूज येणे ही लक्षणे घरात सर्वांना माहीत हवीत. मग कागदावर काहीही लिहिलेले असो.

शिक्षकांनी शक्यता आणि निदान यांतील फरक वरच्या उदाहरणाने वर्गात जरूर शिकवावा. त्या वर्गातली मुलगी उद्या शेजारणीला सांगू शकेल, "आज दिसता तेवढा बरा आसा. पुढच्या महिन्यात रक्तदाब बघूक जावचा आसा."