‘राजीखुशीने’ : एका शब्दाची समीक्षा

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. घरात दखनी, वर्गात उर्दू आणि सरकारी कागद मराठीत, अशा तीन भाषांत आमच्यासारख्यांचे आयुष्य जाते. त्यामुळे शाळा सुटली की आखाडा बाळापुरात कुणी ना कुणी कागद पुढे करतो, “सर, पढ के बोलो, इसमें क्या लिखे.” या कागदांत एक प्रकार पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे हक्कसोडपत्र. आपल्या चळवळीत कथा, कविता, आत्मकथन यांची समीक्षा होते. आज आम्ही या कागदाची करणार आहोत. कारण आपल्या घरांत न वाचता सही होणारे इतके महत्त्वाचे लेखन दुसरे नाही.

कागदाची रचना ठरलेली असते. वडील वारले, वारस अमुक अमुक. मग बहीण लिहून देते की, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, काहीही मोबदला न घेता मी माझा हिस्सा भावांच्या नावे सोडला आहे. खाली सही किंवा अंगठा. निवेदन प्रथमपुरुषी, पण हा ‘मी’ फसवा आहे. जिच्या तोंडी तो घातलेला असतो, तिने मजकूर लिहिलेला नसतो आणि बहुतेक वेळा वाचलेलाही नसतो.

असा एक कागद आमच्याही घरात आहे. त्यावर आमच्या आईची सही आहे, उर्दूत. मराठी तिला वाचता येत नव्हते. पुढे दर ईदेला मामांकडून साडी येत राहिली आणि आई म्हणत राहिली, “भाई का दरवाजा खुला रहना.” म्हणजे ‘मोबदला न घेता’ हे वाक्य खोटे होते. मोबदला ठरलेला होता. तो होता माहेर.

सोडले किती, तेही पाहू. समजा आठ एकर जमीन आहे आणि मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आहेत. पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे एक एकर. उरलेल्या सात एकरांत मुलाला दोन, मुलीला एक या प्रमाणात पाच वाटे. प्रत्येक मुलाला दोन एकर बत्तीस गुंठे, मुलीला एक एकर सोळा गुंठे. सूरह निसाची सातवी आयत तरका थोडा असो वा जास्त, पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही हिस्सा ठरवून देते. पुढे हे हिस्से अल्लाहच्या हद्दी म्हटले आहेत. नमाजच्या रकाती आम्ही कमी करत नाही. हे गुंठे मात्र बिनदिक्कत शून्य करतो.

भावांचीही बाजू आहे. हळद-सोयाबीनवर घर चालवणाऱ्याला जमिनीचे आणखी तुकडे परवडत नाहीत, हे खरे. पण शरियतने त्याचीही वाट ठेवली आहे. तिला तखारुज म्हणतात : वारसाने ठरलेली रक्कम किंवा वस्तू घेऊन वाटणीतून बाहेर पडणे. यात जमीन भावाकडे राहते आणि बहिणीच्या हातात किंमत पडते. लग्नाचा खर्च ही ती किंमत नव्हे. काही जण वडिलांच्या हयातीतच सगळे मुलांना हिबा करून घेतात. नुअमान बिन बशीर यांच्या वडिलांनी एकाच मुलाला देणगी दिली, तेव्हा सर्व अपत्यांना तसेच दिले का, असे पैगंबर साहेबांनी (स.) विचारले होते. ही हदीस वाटणीच्या बैठकीत आम्ही अजून ऐकलेली नाही.

एक कागद किती बारकाईने वाचता येतो, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. हा भाग ज्याच्या राज्यात होता, त्या निजामाचे सुमारे दहा लाख पौंड पोलीस ॲक्शननंतर, सप्टेंबर १९४८ मध्ये, लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात गेले. ते कोणासाठी, कोणत्या हेतूने ठेवले होते, यासाठी सत्तर वर्षांपूर्वीची पत्रे तपासून लंडनच्या न्यायालयाने २ ऑक्टोबर २०१९ रोजी निकाल दिला. रक्कम तोवर साडेतीन कोटी पौंड झाली होती. निकाल भारत आणि निजामाचे नातू मुकर्रम जाह व मुफक्खम जाह यांच्या बाजूने लागला. इतर काही वारसांनी खटला पुन्हा उघडण्याची मागणी केली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली. गावात या निकालावर चहाच्या किती फेऱ्या झाल्या! पण त्या न्यायालयाने विचारलेला प्रश्न, म्हणजे कागदामागचा हेतू कोणता, आमच्या बहिणींच्या कागदाला कुणी विचारत नाही.

वक्फचेही असेच आहे. कुटुंबासाठीचा वक्फ, वक्फ-अलल-औलाद, १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अमान्य केला. त्याविरुद्ध समाज एकवटला आणि १९१३ चा कायदा मिळवला. २०२५ च्या वक्फ दुरुस्तीवर आपल्या समाजाचे गंभीर आक्षेप आहेत आणि लढा न्यायालयातही गेला. पण अशा वक्फामुळे स्त्री वारसांचा हक्क डावलला जाऊ नये, हे त्यातले एक कलम आहे. जे निसाने सांगितले, ते सरकारने सांगावे अशी संधी आपण का ठेवली?

१९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून दंगल, तलाक, दारिद्र्य, ओळख यांवर पुष्कळ लिहिले गेले. वाटणीच्या रात्री स्वयंपाकघरात गप्प बसलेली बहीण मात्र आमच्या वाचनात फार थोडी आली. बाहेरच्या अन्यायावर लिहिताना बोट दुसऱ्याकडे जाते. इथे ते आपल्याच घराकडे वळते. कदाचित म्हणून लेखणी अडते.

आता कुणी असा कागद आणला की आम्ही एक अट घालतो. जिची सही हवी तिला समोर बसवा, कागद आम्ही दखनीत वाचून दाखवू, गुंठ्यांसकट. काही जण कागद घडी घालून परत नेतात. एकदा एक बहीण म्हणाली, “इत्ता था क्या मेरा?” सोडायचे की नाही, हे त्यानंतर तिने ठरवावे. ‘राजीखुशीने’ या शब्दाला अर्थ येतो तो तिथून पुढे.